सर, दहापैकी दहा द्या!

मोटारगाडी विकत घ्यायला स्कूटरवरून जाऊ नये. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण शोरूमच्या फाटकावरच्या वॉचमनला तो तोंडपाठ असतो. तुम्ही चारचाकीतून आलात तर तो सलाम ठोकतो, शिट्टी वाजवत गाडी आत घेतो आणि काचेचं दार उघडून धरतो. दुचाकीवरून आलात तर हात लांब करून नाल्याकडेची मोकळी जागा दाखवतो, ‘तिकडं लावा.’ म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्याने गाडी घ्यायला खुशाल यावं. ज्याच्याकडे नाही त्याने आधी कुणाची तरी मागून आणावी आणि मग यावं. हेल्मेट काखेत मारून आत शिरलेल्या माणसाचा निकाल दारातच लागलेला असतो. हा एसी खायला आलाय!

मी अशा पुष्कळ शोरूमांत गेलो आहे, स्वतःसाठी मात्र क्वचित. नात्यात किंवा सोसायटीत कुणी गाडी घ्यायची ठरवली की मला बरोबर नेतात. गाड्यांतलं मला फार कळतं असं नव्हे. मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळ आहे आणि ‘ऑफर फक्त आजच्या दिवसापुरती आहे, सर’ हे वाक्य ऐकून माझं काळीज धडधडत नाही, एवढ्या भांडवलावर ही नेमणूक झालेली आहे. बाणेर, वाकड, चिंचवड, हडपसर, कुठेही जा. कंपनी बदलते, टायचा रंग बदलतो, आतला प्रयोग तोच.

आत गेल्यावर पहिली काही मिनिटं आपण तिथे नसतोच. टेबलांमागे चार-पाच तरुण संगणकात डोकं घालून बसलेले असतात. सगळ्यांनी आपल्याला पाहिलेलं असतं, पण नजरेला नजर कुणी देत नाही, कारण जो पहिल्यांदा बघेल त्याच्या गळ्यात हे गिऱ्हाईक. आपण उगाच गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. टायरला हलकीशी लाथ मारतो (का मारतो, हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही). दार उघडून बघतो. तरी कुणी हलत नाही. पण तुमच्या पोराने ड्रायव्हरच्या सीटवर चढून स्टिअरिंग धरलं की कुठून तरी आवाज येतो, ‘सर, सर, बाळाला खाली घ्या जरा.’ चला, संवाद सुरू झाला.

मग एकजण कार्ड पुढे करतो. त्यावर ‘रिलेशनशिप मॅनेजर’ असं छापलेलं असतं. पूर्वी यांना सेल्समन म्हणत, मधे सेल्स कन्सल्टंट झाले, आता थेट नातं जोडायला निघालेत. या नातेवाइकाचा पहिला प्रश्न ‘कुठली गाडी बघायचीय?’ हा नसतो. तो विचारतो, ‘बजेट किती आहे, सर?’ दुसरा प्रश्न, ‘कधी घ्यायचीय?’ तिसरा, ‘कॅश की फायनान्स?’ या तीन उत्तरांवर तुम्हाला पाणी मिळणार, चहा मिळणार की मशिनमधली फेसाळ कॉफी, हे ठरतं. ‘जरा चार-सहा महिन्यांनी’ असं बोलून जाणाऱ्याने पाणीसुद्धा स्वतः उठून कूलरवरून घ्यावं. पितृपक्षात मात्र जरूर जाऊन बघा. त्या पंधरवड्यात शोरूम ओस पडलेलं असतं, आणि सहा महिन्यांनंतरच्या गिऱ्हाइकालाही बिस्किटासकट चहा मिळतो.

पुण्यातल्या जुन्या दुकानदारांच्या तुसडेपणावर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या हसत आलाय. पण त्या तुसडेपणात एक लोकशाही होती. दुकानदार हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना आणि त्यांच्या ड्रायव्हरला एकाच आवाजात ‘संपलंय’ म्हणून सांगायचा. शोरूममध्ये तसं कुणी उर्मटपणे बोलत नाही. सगळे ‘सर’ आणि ‘मॅडम’. पण तुमच्या चपलेकडे, मनगटाकडे, फोनच्या पाठीवरच्या सफरचंदाकडे बघून त्या ‘सर’चं वजन कमीजास्त होत असतं. मला विचाराल तर जुना ‘संपलंय’ परवडला.

बायकांच्या वाट्याला येणारी तऱ्हा आणखी वेगळी. माझी मावसबहीण राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे आणि वाहनकर्जं मंजूर करणं हे तिचं रोजचं काम. गाडी ती घेणार, पैसे तिचे, चालवणारही तीच. आमचे मेहुणे भूगोलाचे प्राध्यापक; गिअरची गाडी म्हटलं की ते मागच्या सीटवर जाऊन बसतात. पण रिलेशनशिप मॅनेजर पहिल्यापासून बोलत होता ते मेहुण्यांशी. इंजिन किती सीसीचं, टॉर्क किती, ग्राउंड क्लिअरन्स किती, सगळं मेहुण्यांना. मेहुणे सह्याद्रीची उंची ऐकल्यासारखे गंभीरपणे मान डोलावत होते. मग त्याला बहिणीची आठवण झाली. ‘आणि मॅडमसाठी हा व्हॅनिटी मिरर. लाइट पण आहे.’ बहिणीने हप्त्याचा विषय काढला, तर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘मॅडम, ईएमआय म्हणजे काय, दर महिन्याला थोडेथोडे पैसे भरायचे.’

‘आणि नाही भरले तर?’

‘मग बँकवाले फार त्रास देतात, मॅडम.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘तो त्रास मीच देते.’

एवढं झाल्यावरही त्याने कोटेशनचा कागद दिला तो मेहुण्यांच्याच हातात.

ज्ञानाची बाजू तर बोलायलाच नको. हल्ली गिऱ्हाइकाबरोबर एक भाचा असतो. त्याने यूट्यूबवर त्या गाडीचे झाडून सगळे व्हिडिओ पाहिलेले असतात. त्याने काही विचारलं की विक्रेता सनरूफ उघडून दाखवतो. ‘एअरबॅग किती?’ ‘सर, सनरूफ व्हॉइस कमांडवर आहे.’ आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाची व्यवस्था सुरू झाली. तीत गाडी आपटून, धडकवून तिला सुरक्षिततेचे तारे दिले जातात. आमच्या एका भाच्याने विचारलं, ‘या गाडीला किती स्टार आहेत?’ क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं, ‘फोर पॉइंट सेव्हन!’ तो आकडा शोरूमच्या गूगल रिव्ह्यूंचा होता.

टेस्ट ड्राइव्हला तुम्हाला हवं ते मॉडेल कधीच नसतं. पेट्रोल मागितलं तर डिझेल असतं, ऑटोमॅटिक मागितलं तर मॅन्युअल. ‘चालवायला सेमच आहे, सर.’ काट्याजवळ पेट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकत असतो. मार्ग आखलेला असतो: सर्व्हिस रोडने पुढच्या पुलापर्यंत जायचं, यू-टर्न घ्यायचा, परत यायचं. आयुष्यातली घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी माणूस दुसऱ्या गिअरमध्ये करतो.

वेशावरून गिऱ्हाईक जोखण्याचा विषय निघाला की लोकांना हमखास तुमकुरूची हकिगत आठवते. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या त्या गावी एक शेतकरी मित्रांना घेऊन मालवाहू पिकअप घ्यायला शोरूममध्ये गेला. दहा लाख सोडा, तुझ्या खिशात दहा रुपये तरी असतील का, असं काहीतरी तिथला विक्रेता बोलला. शेतकऱ्याने विचारलं, पैसे आणले तर गाडी आजच्या आज द्याल का? आणि थोड्या वेळात खरोखरच दहा लाख घेऊन तो हजर झाला. देशभर टाळ्या पडल्या. गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा कुणी सांगत नाही. पैसे आले, पण गाडी लगेच देता येईना! प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, माफी मागितली गेली, आणि गाडी त्याला काही दिवसांनी मिळाली. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे. म्हणजे त्या शोरूमला ते दहा लाख रोखीने घेताच आले नसते. अपमान करण्याआधी निदान गाडी शिल्लक आहे का, हे तरी बघून घ्यायचं!

मला त्या टाळ्यांचं थोडं वाईटच वाटलं. त्या शेतकऱ्याला मान मिळाला तो त्याने नोटा दाखवल्यावर. ज्याच्या खिशात खरोखरच दहा रुपये आहेत, पण पुढच्या वर्षी पिकअप घ्यायची म्हणून जो नुसता भाव विचारायला आलाय, त्याच्याशी नीट बोलायला काय हरकत आहे? मोठ्या भावाच्या वस्तूचा माणूस आधी भावच विचारतो.

आमच्या पिढीला हे सगळं फार जाणवायला नको खरं तर. आम्ही टंचाईत वाढलो. गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट किंवा मग अँबेसेडर. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. स्कूटरसाठीसुद्धा लोक दहा-दहा वर्षं नंबरात असायचे, आणि लग्नाच्या बोलण्यांत मुलाचा स्कूटरचा नंबर कधी लागणार, याची चौकशी व्हायची. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली ती सोडतीत नंबर लागलेल्या गिऱ्हाइकाला. तेव्हा विक्रेत्याने गोड बोलावं ही अपेक्षाच नव्हती. गाडी दिली, उपकार झाले. आता देशात डझनावारी कंपन्या आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेचे महाल आहेत. तरी एखादं मॉडेल जरा चाललं, किंवा २०२१ सारखी चिपची टंचाई आली, की या महालांतही जुना परमिटराजचा साहेब जागा होतो. ‘सध्या वेटिंग आहे. बघा, घ्यायची तर घ्या.’

आता कोटेशनकडे येऊ. विनोदी साहित्याचा हा प्रकार आपल्या समीक्षकांकडून दुर्लक्षित राहिलाय. जाहिरातीत गाडी आठ लाखांची असते. ही एक्स-शोरूम किंमत, म्हणजे शोरूमच्या बाहेर न काढता गाडी बघायची असेल तर. बाहेर काढायची झाली की ऑन-रोड. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार. तो सरकारचा, त्यात विक्रेत्याचा दोष नाही. त्याची प्रतिभा पुढे सुरू होते. एसेन्शियल किट नावाच्या ओळीत पायपुसणी, चाकांमागचे मड फ्लॅप, एक परफ्यूम आणि डॅशबोर्डवरचा गणपती मिळून काही हजार. अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन कोटिंग. ‘कंपनी रंग नीट देत नाही का?’ असं मी एकदा विचारलं तर तो दुखावला. आणि एक ओळ असते हँडलिंग चार्जेसची. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणली, पुसली, उभी केली, त्याचे पैसे. भाजीवाल्याने मंडईतून टोपली उचलून आणल्याचे वेगळे पैसे मागितले तर आपण त्याला काय म्हणू? हे पैसे घेऊ नका म्हणून परिवहन खातं डीलरांना अधूनमधून बजावतं. मग त्या ओळीचं नाव बदलतं: लॉजिस्टिक, फॅसिलिटेशन. बोट ठेवून ‘हे काय?’ असं विचारलं की तो मॅनेजरशी बोलून येतो म्हणून काचेच्या केबिनमध्ये जातो. आतून दोघं आपल्याकडे बघतात. बाहेर येऊन तो म्हणतो, ‘सर, तुमच्यासाठी स्पेशल केस म्हणून काढलं.’ जे घ्यायचंच नव्हतं ते न घेतल्याबद्दल आपणच त्याचे आभार मानतो.

सगळ्यांत चिवट लढाई विम्याची. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती मात्र कुठल्याही कायद्यात नाही. पण ‘मी विमा बाहेरून घेणार’ असं म्हटलं की फेसाळ कॉफी थांबते. ‘बाहेरचा घेतलात तर क्लेमच्या वेळी प्रॉब्लेम येतो, सर.’ ‘कॅशलेस होत नाही.’ ‘मग डिस्काउंट मिळणार नाही.’ शेवटी, ‘मग डिलिव्हरी लांबेल.’ याचं कारण सरळ आहे. नुसती गाडी विकून डीलरला सुटतं फार थोडं. पैसा विम्यात, कर्जाच्या कमिशनमध्ये, ॲक्सेसरीजमध्ये आणि पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये. मधेमधे येणारी गाडी हे फक्त निमित्त.

एवढ्यातून पार पडून तुम्ही बुकिंगची रक्कम भरता, आणि तुमचा नातेवाईक नाहीसा होतो. कालपर्यंत दिवसाला चार फोन करणारा, ‘गुड मॉर्निंग’बरोबर सूर्यफुलाचं चित्र पाठवणारा माणूस आता फोन उचलत नाही. उचलला तर गाडी ट्रान्झिटमध्ये असते. पुढच्या आठवड्यात अलॉटमेंट होते. त्यानंतर कळतं की तुम्ही मागितलेला निळा रंग डिसेंबरशिवाय येणार नाही, पण पांढरी तयार आहे. ‘पांढरी गरम होत नाही, सर.’ आणखी पाठपुरावा केलात तर पलीकडून नवाच आवाज येतो, ‘त्यांनी कंपनी सोडली, सर. आता मी तुमचा रिलेशनशिप मॅनेजर.’ आणि पहिला प्रश्न, ‘बजेट किती आहे, सर?’

दसऱ्याला डिलिव्हरी घेणाऱ्यांचा उत्साह बघण्यासारखा असतो. गाड्या ओळीने लाल सॅटिनखाली झाकलेल्या, पुढे पाट, नारळ, चाकांखाली लिंबं. हार, पेढे, केक, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. फोटो काढणारा म्हणतो, ‘आजी, हसा.’ आजी हसेपर्यंत पुढचं कुटुंब आपला नारळ घेऊन मागे उभं राहिलेलं असतं. मग स्पीकरवर गाणं लागतं, सगळे तरुण टाळ्या वाजवतात आणि तुम्ही गाडी बाहेर काढता. टाकीत पेट्रोल एवढंच की पहिला प्रवास देवळापर्यंत होत नाही, पंपापर्यंत होतो.

आणि नेमकं याच सुमाराला हरवलेलं प्रेम परत येतं. ‘सर, तुम्हाला कंपनीतून एक फोन येईल. प्लीज, दहापैकी दहा द्या.’ मग मेसेज. मग आठवण करून देणारा मेसेज. इतक्या आर्जवाने त्याने गाडीबद्दलसुद्धा कधी सांगितलेलं नसतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी या फोनवर आठ सांगितले. काका निवृत्त मुख्याध्यापक, विषय मराठी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा.

‘सर, आठ का दिलेत? काही चुकलं का?’

‘अरे बाळा, आठ म्हणजे विशेष प्रावीण्य.’

‘नाही सर, आमच्याकडे नऊ म्हणजे फेल.’

काकांना हे काही केल्या पटेना. ‘निबंधाला मी उभ्या नोकरीत दहापैकी सातच्या वर गेलो नाही. तुला एक जास्त दिला, तो हार ताजा होता म्हणून.’

काकूंनी त्याला बसवून चहा दिला. मग तो मोकळा झाला. आठ मिळाल्यामुळे त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह अडकला होता. पगार थोडा, खरी कमाई इन्सेंटिव्हचीच, आणि तीही विमा आणि ॲक्सेसरीज खपल्या तर. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आकडे वाचून दाखवतात. गाडीची माहिती शिकायला एक दिवस दिला होता, टार्गेटचं शिक्षण रोज. ज्या गाड्या तो विकतो त्यातली एकही त्याला घेता येणार नाही. आणि तो स्वतः येतो दुचाकीवर. वॉचमन तीही नाल्याकडेलाच लावायला लावतो. तुसडेपणा मुळात वरून खाली वाहतो, हे काकांनी त्याला समजावून सांगितलं. काकांचं एवढं भाषण ऐकून घेणारा विद्यार्थी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. पण गुण त्यांनी वाढवले नाहीत.

माझं मत काकांच्या बाजूने आहे. पोराची कणव येते, पण दहापैकी दहा देत राहिलो तर कंपनीला वर कळणार तरी कसं? मालकाला वाटतं, आपल्याकडे सगळा आनंदीआनंद आहे. म्हणून गाडी घ्यायला निघालेल्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. कोटेशन लेखी घ्या आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा. विमा दुसरीकडून मागवून किंमत ताडून बघा. बऱ्याचदा हजारोंचा फरक निघतो. हँडलिंगच्या ओळीवर काट मारा. बुकिंगची पावती जपा, आणि गाडी रद्द केली तर पैसे किती दिवसांत परत मिळणार, ते तिच्यावर लिहून घ्या. सर्वेक्षणाचा फोन आला तर विक्रेत्यासाठी खोटं बोलू नका. त्याने नीट माहिती दिली असेल तर तसं सांगा, आणि विम्याची सक्ती झाली असेल तर तेही सांगा. तेवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार मराठीतही घेतात.